पाणी विचारण्याची रीत

लॅपटॉपखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलाय,
रात्रभर गच्चीवर निवलेला.
भद्रावती पेठेत, पत्र्याखाली, दुपारी तीनला
यंत्रालाही बसायला गार जागा लागते.

एडिटरमधलं झाड उलटं असतं,
मूळ वर, फांद्या खाली.
अधिकचं चिन्ह दाबलं की फांदी उघडते,
वजाचं दाबलं की सगळं कुटुंब आत.

काम तसं लहान.
महापालिकेची एक वेब सर्व्हिस येणार आहे,
तिला विचारायचं, आमच्याकडे पाणी कधी,
तिनं सांगायचं वार, वेळ, किती मिनिटं.
मी ती सर्व्हिस लिहीत नाही.
मी तिचं वर्णन लिहिते:
काय विचारता येतं, कोणत्या शब्दांत,
उत्तर कोणत्या आकाराचं असेल,
आणि दार कुठल्या पत्त्यावर.

आधीच्या माणसानं चौदाशे ओळी एकाच फाइलीत कोंबलेल्या,
घर हलवताना चादरीत बांधतात तशा,
चमचे, औषधं, लग्नाचा अल्बम.
कंत्राटदाराकडचे बिराजदार म्हणाले,
"चालतंय की मॅडम, कशाला उगं हात लावलालाव?"
चालतंय खरं.
तरी मी प्रकार वेगळे काढले, निरोप वेगळे,
पत्ता सगळ्यात शेवटी, एकटा,
कारण तोच आधी बदलतो.
बिऱ्हाड हललं म्हणून माणसाचं नाव खोडायचं नसतं.

मग 'वॉर्ड' दोनदा सापडला.
एक नळाचा,
एक कुठल्याशा दवाखान्याच्या फाइलीतून चिकटून आलेला,
ज्यात खाटांची संख्या होती.
आमच्या गल्लीत दोन अंबादास आहेत,
येमूल अंबादास, मेरगू अंबादास.
तेलुगूत घराण्याचं नाव आधी लागतं,
मधे कोलन नसतो एवढंच.
मी दोन्ही वॉर्डांना त्यांची घराणी लावली.
खाटा दवाखान्यात गेल्या.

समोर आई पानं कापत बसलीय.
पत्र्याचा फर्मा पानावर, कात्री भोवती,
फर्म्याबाहेरचं सगळं सुपात.
संध्याकाळी कारखान्यात चेकर जुड्या बघतो
आणि मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला टाकतो.
का, ते सांगत नाही.
तेहतीस वर्षांत तिनं विचारलेलं मला आठवत नाही.
माझ्याकडे निदान लाल रेघ येते,
ओळ क्रमांक येतो,
खाली बारीक अक्षरात काय चुकलं तेही.

ती चष्मा वर करून पडद्याकडे बघते.
"इंदुट्ल नीळ्ळु याडुन्नय्?"
यात पाणी कुठंय?
पाणी नाही यात, आई.
पाण्याबद्दल विचारायची रीत आहे.
"रीत मला ठाऊक आहे," ती म्हणते.
"नळाला कान लावायचा."

खाली मागाची खटखट, मधेच बंद, परत सुरू.

एक गोष्ट आधीच्या माणसानं लिहिलीच नव्हती.
प्रश्न होता, उत्तर होतं,
पण पाणी येणारच नसेल तर काय म्हणायचं
यासाठी एकही शब्द नव्हता.
चौदाशे ओळींत नळ एकदाही कोरडा नव्हता.
मी एक फांदी जोडली.
तिच्यात दोन पानं, कारण आणि पुढची तारीख.
कारणाला कमीत कमी किती वेळा, तिथं एक लिहिलं.
रिकामं चालणार नाही.
लाल रेघ कुठंच उठली नाही.

बिराजदारांचा फोन आला.
"कारण ऐच्छिक ठेवा ना मॅडम,
शून्य करून टाका, वरचे लोक भरणार नाहीत."
बघते म्हणाले.
कर्सर त्या एकापाशी लुकलुकत राहिला.
शून्य केलं तरी कागद शुद्धच राहील.
त्यालाच तर घाबरते मी.

फाइल सेव्ह केली. एक तसाच ठेवला.

आई उठून मोरीत गेली, वाकली,
तोटीला कान लावला,
आणि न बघताच माझ्या दिशेनं
हात वर केला.

मी टाइप करायचं थांबवलं.